आमची येळवस

आमच्या लातूर जिल्ह्यात आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात मार्गशीर्ष अमावस्येला येळवस करतात. पुस्तकात तिला वेळ अमावस्या लिहितात, पण आमच्या गावात येळवसच म्हणतात. माझ्या आजीचे माहेर बीदरकडचे आहे. ती सांगते की कानडीत ह्या सणाला एळ्ळ अमावास्या म्हणतात आणि एळ्ळु म्हणजे तीळ. म्हणून आमच्याकडे त्या दिवशी तिळाची पोळी लागतेच.

दिवाळी घरात करतात, पण येळवस शेतात करतात. त्या दिवशी गावात कोणीच सापडत नाही. जिल्हाधिकारी साहेब स्थानिक सुट्टी देतात, त्यामुळे शाळाही बंद असते. ज्यांना शेत नाही त्यांना दुसरे लोक आपल्या शेतात नेतात. वाटेवरून कोणीही जात असेल, ओळखीचा असो की नसो, त्याला हाक मारून जेवायला बसवतात. त्या दिवशी नाही म्हणायचे नसते.

यंदाची येळवस १९ डिसेंबर २०२५ ला, शुक्रवारी आली. आदल्या रात्री आमच्या घरात कोणीच नीट झोपले नाही. आईने आणि आजीने मिळून भज्जी केली. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. तुरीचे दाणे, वाटाणा, ओला हरभरा, भुईमुगाचे दाणे, मेथी, चुका, कांद्याची पात, गाजर असे सगळे एका पातेल्यात शिजवतात. त्यात चिंचेचा कोळ, लसूण, हिरवी मिरची घालतात आणि हरभऱ्याच्या डाळीचे पीठ लावतात. तिच्याबरोबर खायला बाजरीचे उंडे वाफेवर उकडतात. शिवाय गव्हाची खीर, वांग्याचे भरीत आणि तिळाची पोळी होती. आंबिलीसाठी ज्वारीचे पीठ आधीच ताकात भिजवून ठेवले होते. ते शिजवून निवल्यावर आजीने त्यात आणखी ताक ओतले आणि लसूण, जिरे, मीठ वाटून घातले. मला चाटायला पळीभर आंबील मिळाली. ती नाकात झोंबली, पण फार छान लागली.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर पुढचे कळणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे किती पाऊस झाला ते तुम्हा सर्वांना माहीत आहे. मांजरेला पूर आला. आमच्या गावचा ओढा आमच्या शेतात शिरला. सोयाबीन तर गेलेच, पण आमच्या आणि थोरल्या बापूंच्या शेतामधला बांधही वाहून गेला. बांधावरचे लिंबाचे झाड मात्र तेवढे राहिले. बापू हे माझ्या आप्पांचे थोरले भाऊ. पाणी ओसरल्यावर दोघे बांध घालायला गेले. आप्पा म्हणाले, बांध लिंबाच्या पलीकडून होता. बापू म्हणाले, अलीकडून होता. आधी दोघे मोठ्याने बोलले आणि मग बोलेनासेच झाले. आप्पांनी मोजणीची फी भरली. दिवाळीला मोठी आई, म्हणजे माझी चुलती, आमच्या घरी आली नाही आणि आम्हीही गेलो नाही.

दरवर्षी आमची दोन्ही घरे मिळून एकच कोप करतात. कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून वर बांधायच्या, त्यांना साडी गुंडाळायची आणि आत पाच दगड चुना लावून पांडव म्हणून मांडायचे, याला कोप म्हणतात. यंदा दोन कोपी झाल्या, एक आमची आणि एक त्यांची. आजीला ते आवडले नाही. ती म्हणाली, "एका रानाला दोन लक्ष्म्या कशा रं?" कोणी उत्तर दिले नाही. आमची कडब्याची गंज पावसात कुजली होती. पाच धड पेंढ्या सुद्धा निघेनात. आप्पांनी दोन पेंढ्या शेजाऱ्याकडून आणल्या.

सकाळी आम्ही शेताला निघालो. आप्पांनी डोक्यावर जेवणाची टोपली घेतली आणि वरून घोंगडी टाकली. आंबिलीची बिंदगी दरवर्षी आई घेते. मी म्हणालो, यंदा मी घेतो, मी आता सातवीत आहे. आई नको म्हणत होती. आजी म्हणाली, "घेऊ दे गं, कधी शिकंल?" मग आईने माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि त्यावर बिंदगी दिली.

वाटेने मी अगदी नीट चाललो. माझे दोन वर्गमित्र बैलगाडीतून चालले होते. ते मला हसले तरी मी मान वळवली नाही. पण शेतात आल्यावर घात झाला. जिथे बांध होता तिथे पाण्याने मोठी घळ पडलेली आहे. तिच्यात गवत उगवल्यामुळे ती दिसली नाही. माझा पाय आत गेला आणि मी पडलो. बिंदगी गडगडत लिंबापर्यंत गेली. तळाला तांब्याभर सुद्धा आंबील राहिली नाही.

मला लागले होते, पण मी रडलो ते त्यामुळे नाही. पूजा झाल्यावर आंबील पिकांवर शिंपतात, त्याला चर शिंपणे म्हणतात. त्यासाठीच तर एवढे सगळे असते. यंदा आधीच सोयाबीन गेलेले. ज्वारी उशिरा पेरल्यामुळे कमरेएवढीच होती. अशा वर्षी माझ्यामुळे काळ्या आईला आंबील मिळणार नाही असे मला वाटले. आई काही बोलली नाही. आप्पा म्हणाले, "जाऊ दे, पाण्यानं शिंपू." पण त्यांचा चेहरा उतरला होता. आजी गप्प बसून दुसऱ्या कोपीकडे बघत होती.

मी बिंदगी उचलली आणि कोणाला न विचारता तिकडे गेलो. माझी छाती धडधडत होती. मोठी आई पांडवांना हळदकुंकू लावत होती. मी म्हणालो, "आंबील सांडली." तिने माझ्या गुडघ्याकडे बघितले, मग बिंदगीकडे. "सगळी?" "हो, सगळी." तिने आपली बिंदगी कलती केली आणि आमची निम्म्याच्या वर भरली. म्हणाली, "तुझ्या आईला सांग, औंदा जरा जास्तच आंबलीया." दिवाळीपासून ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

मी बिंदगी उचलणार तेवढ्यात बापू आले आणि म्हणाले, "सोड. तिथं घळ हाय, परत पडशील." बिंदगी घेऊन ते माझ्यापुढे चालू लागले. लिंबापाशी मात्र थांबले. तिथे त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि मागे फिरले. पलीकडे आप्पा उभे होते. दोघांनी एकमेकांना बघितले, पण कोणी बोलले नाही.

मग आमची पूजा झाली. आप्पा तांब्यात आंबील घेऊन पिकात शिंपत निघाले. आम्ही मुले त्यांच्यामागे ओरडत पळत होतो. शिंपता शिंपता ते लिंबापाशी आले. बांध असता तर तिथून वळले असते. पण बांधच नव्हता. ते जरा थांबले आणि चार पावले पुढे शिंपत गेले. तेवढ्यात पलीकडून बापूही शिंपत आले. त्यांनाही कुठे थांबावे ते कळेना, म्हणून तेही चार पावले अलीकडे आले. ज्या जमिनीवरून भांडण होते, त्या पट्ट्यावर दोनदा आंबील पडली. माझी ताई, म्हणजे बापूंची मुलगी, मला हळूच म्हणाली, "इथली ज्वारी सगळ्यात उंच येणार बघ." मला हसू आले.

आजी आमच्या कोपीत बसेना आणि त्यांच्याही कोपीत बसेना. तिने लिंबाखाली पोते अंथरले आणि तिथेच बसली. म्हणाली, "मला इथं सावली बरी हाय." इतक्यात रस्त्यावरून मोटरसायकल आली. बघतो तर आपले गुरुजी! ते दुसऱ्या जिल्ह्यातले असल्यामुळे त्यांचे इथे शेत नाही. इकडून आप्पांनी हाक मारली, "गुरुजी, जेवाय या!" तिकडून बापूंनीही हाक मारली. आता गुरुजी काय करणार? ते सरळ आजीजवळ लिंबाखाली जाऊन बसले.

गुरुजी तिथे बसले म्हणून आईला तिथे ताट न्यावे लागले. मोठी आई पण ताट घेऊन आली. मग आम्ही सगळी मुलेही तिथेच बसलो. पाहुणा जेवत असताना यजमानाने लांब कसे बसायचे? आधी आप्पा आले, मग बापू आले. दोघे गुरुजींच्या दोन बाजूंना बसले. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये म्हणतात. आमची बिंदगी आमचीच होती, तरी आईने मोठ्या आईच्या ताटात तीन तिळाच्या पोळ्या ठेवल्या आणि म्हणाली, "आंबील आंबट न्हाई झाली, बाई. चांगली झालीया." गुरुजींनी पाच उंडे खाल्ले. मी मोजले. सहावा त्यांनी नको म्हटला, तेव्हा आजीने तो त्यांच्या ताटात टाकलाच.

जेवताना बापू म्हणाले, "मीठ हाय का तिकडं?" ते कोणाला म्हणाले ते कळले नाही, पण आप्पांनी मिठाची वाटी गुरुजींच्या पुढून सरकवली. एवढेच बोलणे झाले.

दुपारी आम्ही हरभऱ्याचे डहाळे भाजून खाल्ले, बोरे पाडली आणि लिंबाला झोका बांधला. दिवस कलल्यावर कोपीपुढे दूध उतू घातले. मग हेंडगा पेटवला. हेंडगा म्हणजे कडब्याची पेटती पेंढी. ती घेऊन शेताला फेरी मारतात. आमच्याकडे पेंढ्या कमी होत्या, म्हणून बापूंनी पेटवलेला हेंडगाच दोन्ही शेतांना फिरला. निम्म्या वाटेत बापूंना धाप लागली तेव्हा आप्पांनी तो हातात घेतला. मी मागून चालत होतो. अंधारात आजूबाजूच्या सगळ्या शेतांमध्ये असेच हेंडगे फिरत होते.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की आता सगळे मिटले असेल. तसे नाही. बांध अजून घातलेला नाही. मोजणी व्हायची आहे आणि ती झाल्यावर काय होईल ते मला माहीत नाही. पण मोटर दोघांची मिळून एकच आहे. परवा तिचे पाणी आधी कोणी घ्यायचे ते बापूंनी आमच्या दारात उभे राहून विचारले. आईने त्यांना चहा दिला आणि त्यांनी तो घेतला.

गुरुजींनी मला येळवशीवर लिहायला सांगितले तेव्हा मी घरी विचारले, की भांडणाचे लिहू का? भित्तिपत्रक २६ जानेवारीला लागणार, सगळे पालक वाचतील. आप्पा काही बोलले नाहीत. आजी म्हणाली, "लिही की. पण आंबील तू सांडलीस, ते बी लिही."

म्हणून मी सर्व खरे लिहिले आहे. पुढच्या येळवशीला तुम्ही सगळे आमच्या शेतात जेवायला या. मात्र लिंबाजवळ घळ आहे, तेवढी बघून या.

— इयत्ता सातवी