मक्ता आणि मोजदाद

दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांची मोजदाद हा माझा व्यवसाय. आणि या व्यवसायात नव्याने दाखल होणाऱ्या उमेदवारापुढे मी क्रिकेट न ठेवता अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचे, म्हणजे एनबीएचे, दप्तर उघडून ठेवतो, कारण आकडा आणि लोकप्रियता यांची जितकी फारकत त्या दप्तरात दिसते तितकी मला अन्यत्र आढळलेली नाही.

१६ मे १९८० रोजी फिलाडेल्फियात अंतिम मालिकेचा सहावा सामना झाला. घोटा दुखावल्यामुळे करीम अब्दुल-जब्बार अनुपस्थित असता, त्याच्या जागी उभा राहिलेला वीस वर्षांचा मॅजिक जॉन्सन ४२ गुणांची लयलूट करून लेकर्सना अजिंक्यपद मिळवून देत होता, त्या वेळी बहुतांश अमेरिकेला त्याची वार्ताही नव्हती; कारण सीबीएसने तो सामना बहुतेक शहरांत रात्री साडेअकरा वाजता, निकाल लागून गेल्यावर, ध्वनिचित्रमुद्रित स्वरूपात दाखविला. याच जॉन्सनचा लॅरी बर्डविरुद्धचा महाविद्यालयीन अंतिम सामना मात्र आदल्या वर्षी दूरचित्रसंच असलेल्या शंभर घरांपैकी चोवीस घरांत पाहिला गेला होता, आणि अमेरिकेत बास्केटबॉलचा तो उच्चांक आजही अबाधित आहे.

पुढे मायकेल जॉर्डनचा काळ आला. १९९८ची अंतिम मालिका सरासरी दोन कोटी नव्वद लाख लोकांनी पाहिली. तिचा शेवटचा सामना तर तीन कोटी एकोणसाठ लाखांनी. जॉर्डन निवृत्त झाला, पुढचा हंगाम मालक-खेळाडूंच्या तंट्यामुळे पन्नास सामन्यांवर आला, आणि २००७ साली, सॅन अँटोनियोने क्लीव्हलंडला सरळ चार सामन्यांत गुंडाळले तेव्हा, सरासरी त्र्याण्णव लाखांपर्यंत उतरली होती. सॅन अँटोनियोचा खेळ माझ्या मते त्या काळातील सर्वांत सुबुद्ध खेळ होता. पण सुबुद्धतेला प्रेक्षकांच्या जमाखर्चात स्वतंत्र रकाना नाही.

२०२० साली आकडा पंचाहत्तर लाखांच्या आसपास आला, तेव्हा खेळाडूंच्या राजकीय भूमिकेमुळे लोक विटले असा निवाडा अनेकांनी तत्काळ देऊन टाकला. वस्तुतः महामारीमुळे जूनची मालिका ऑक्टोबरात, अमेरिकी फुटबॉलच्या ऐन हंगामात आणि अध्यक्षीय निवडणुकीच्या धामधुमीत, ऑर्लँडोच्या बंदिस्त आवारात खेळली गेली होती. आणि त्याच शरद ऋतूत बेसबॉलच्या अंतिम मालिकेनेही तोवरचा नीचांक गाठला, हे त्या न्यायाधीशांनी पाहिले नाही.

शिवाय मापाचा गज स्वतःच बदलत आला आहे. नीलसन ही तेथील गणना करणारी संस्था. तिच्या राष्ट्रीय आकड्यांत मद्यगृहांत किंवा उपाहारगृहांत बसून सामना पाहणारा माणूस २०२०पर्यंत सरसकट धरलाच जात नसे. खेळ तर घोळक्याने पाहण्याची वस्तू! त्यामुळे २०२५च्या ओक्लाहोमा-इंडियाना मालिकेची एक कोटी तीन लाखांची सरासरी २००७च्या आकड्याशेजारी मांडून ‘वाढ झाली’ म्हणणारा आणि १९९८शेजारी मांडून ‘ऱ्हास झाला’ म्हणणारा, दोघेही माझ्या लेखी सारखेच उतावीळ.

याहून विलक्षण गोष्ट मक्त्याची. प्रक्षेपणाचा २०१६पासूनचा करार नऊ वर्षांना २४ अब्ज डॉलरांचा होता; २०२५पासून डिस्ने, एनबीसी आणि ॲमेझॉन यांनी अकरा वर्षांसाठी सुमारे ७६ अब्ज कबूल केले. जॉर्डनच्या काळाच्या मानाने प्रेक्षक निम्म्याहून कमी, आणि वार्षिक मक्ता आधीच्या कराराच्या अडीचपट! कारण उघड आहे : कोट्यवधी घरांनी केबल सोडल्यावर मालिका आणि चित्रपट लोक सवडीने पाहू लागले, पण सामना ज्या घटकेला चालू असतो त्याच घटकेला पाहावा लागतो, आणि जाहिरातदाराला नेमकी तीच घटका विकत हवी असते. प्रेक्षक सर्वत्रच ओसरले. येथे कमी ओसरले, म्हणून भाव चढला.

२०२५च्या सप्टेंबरात नीलसनने लक्षावधी संचांची यांत्रिक नोंद जुन्या नमुना-गणनेत मिसळली, आणि पुढच्याच महिन्यात नव्या मक्त्याचा अंमल सुरू होऊन कितीतरी सामने केबलवरून एनबीसीच्या खुल्या वाहिनीवर आले. नवे मक्तेदार आता वाढीचे आकडे प्रसिद्ध करतील तेव्हा त्यांतले किती नव्या गजाचे, किती खुल्या वाहिनीचे आणि किती खेळाचे, हा तपशील मी आधी मागेन.