वेळेचा राखणदार

संगणकाच्या दुनियेत 'डीमन' नावाची एक जमात आहे. पडद्यावर कधी न दिसता, कोणी बटण न दाबता, मागच्या मागे आपले काम करत राहणारी आज्ञावली म्हणजे डीमन. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या 'प्रोजेक्ट मॅक'वर काम करणाऱ्यांनी हे नाव ठेवले, तेही मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाच्या विचारप्रयोगातल्या, बसून रेणू निवडणाऱ्या एका भुतावरून. गोव्याच्या माणसाला हे फार समजावून सांगावे लागत नाही. रात्री गावच्या सीमेवरून फिरणारा, कोणाला न दिसणारा, पण ज्याच्या वहाणा झिजलेल्या सापडतात तो आपला देवचार. तोच हा.

या जमातीतला 'एनटीपीडी' माझ्या आवडीचा. शेवटचा 'डी' डीमनचा. याचे काम एकच, संगणकाचे घड्याळ बरोबर ठेवणे. मी कला शाखेचा पदवीधर, सरकारी कारकून. मला याच्याशी काय करायचे? सांगतो.

एका कचेरीत, जिचे नाव इथे नको, माझ्या शेजारच्या टेबलावर आवक कागद घेतले जात. एकदा सत्तरीतून एक म्हातारा जमिनीच्या अपिलाचा अर्ज घेऊन आला. शेवटचा दिवस, मुदत पाचपर्यंत. भिंतीवरच्या घड्याळात चार पंचावन्न झाले होते. अर्ज घेतला, पोचपावती छापून आली, तिच्यावर वेळ १७:०३! म्हाताऱ्याने पावती पाहिली, मग भिंतीकडे पाहिले. "अजून पांच जांवक नात न्हय, बाब?" एवढेच तो म्हणाला. मी मोबाइल काढून पाहिला. भिंत खरे बोलत होती, संगणक आठ मिनिटे पुढे होता. पण कागदावर छापलेले कोण खोडणार? म्हाताऱ्यानेच हुशारी केली. पावतीवर हाताने 'भिंतीवरील घड्याळ ४.५५' असे लिहून हेड क्लार्कची सही मागितली, आणि हेड क्लार्कने ती दिली हे त्याचे मोठेपण.

पुढे तीन सुनावण्या जमिनीवर न होता घड्याळावर झाल्या. शेवटी निकाल लागला, 'विलंब माफ'. म्हातारा खूश झाला, पण मला मात्र ते आजही खटकते. जो उशीर झालाच नाही तो माफ कसा करतात?

संगणकाच्या पोटात क्वार्ट्झचा स्फटिक असतो. तोच मनगटावरच्या घड्याळातही असतो, त्यामुळे त्याला फार मान देण्याचे कारण नाही. हवा तापली, थंडावली की त्याची चाल बदलते. दिवसाला दोन-चार सेकंद इकडेतिकडे होणे ही नेहमीची गोष्ट, आणि वर्षानुवर्षे कोणी पाहिले नाही की त्याची मिनिटे होतात. घड्याळावरून भांडण आपल्याकडे तसे जुनेच. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली एकोणचाळीस मिनिटे मागची 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

एनटीपीडी दुसऱ्या संगणकाला वेळ विचारतो. पण विचारायला आणि उत्तर यायलाही वेळ लागतो, मग मिळालेले उत्तर शिळे नाही का? इथली युक्ती फेरीबोटीवरून सांगतो. समजा मी रायबंदरला आहे आणि चोडणला एकाकडे खात्रीचे घड्याळ आहे. माझ्या घड्याळात दहा वाजता मी एक पोरगा पाठवला. तो तिथे पोचला तेव्हा तिथे १०:०८ झाले होते. तिथून निघाला १०:०९ ला. परत आला तेव्हा माझ्याकडे १०:११. म्हणजे माझ्या हिशेबाने एकूण ११ मिनिटे, त्यात एक मिनिट तो तिथे थांबला, उरली दहा. जाताना पाच, येताना पाच. तो पोचला तेव्हा माझ्याकडे १०:०५ असणार, तिथे होते १०:०८. माझे घड्याळ तीन मिनिटे मागे! चार वेळा टिपल्या की काम झाले. यातली मेख फेरीने फिरणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल: जाताना रांगेत वीस मिनिटे आणि येताना रिकामी बोट, असे झाले तर हिशेब चुकतो. इंटरनेटवरही तसेच होते. म्हणून हा गडी एकाला विचारून थांबत नाही. दोघांना विचारले आणि ते वेगळे बोलले तर खोटा कोण ते कळत नाही. निदान चार जण असावेत, म्हणजे एक खोटा निघाला तरी उरलेल्यांची साक्ष जुळते. अशा खोट्याला या लोकांच्या भाषेत 'फॉल्सटिकर' म्हणतात.

हे सगळे बसवले डेव्हिड मिल्स या माणसाने. पहिला मसुदा १९८५ चा. जन्मापासून काचबिंदू असलेला, पुढे दृष्टी जवळजवळ गमावलेला हा प्राध्यापक डेलावेअर विद्यापीठात वर्षानुवर्षे जगाची घड्याळे जुळवत बसला. जानेवारी २०२४ मध्ये तो गेला.

आपल्याकडे 'सर्ट-इन'ने एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला की सरकारी संस्थांसकट सर्वांनी आपली घड्याळे एनआयसीच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत. त्या कचेरीतही एक तंत्रज्ञ पोरगा आला आणि राखणदार बसवून गेला. आठ मिनिटांची उडी त्याने कचेरी सुटल्यावर मारली, ते योग्यच केले. दिवसा काटा मागे नेला असता तर नंतर आलेल्या अर्जावर आधीची वेळ पडली असती! एरवी फरक १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल तर एनटीपीडी उडी मारतच नाही, घड्याळाची चाल किंचित मंद किंवा जलद करतो, इतकी किंचित की एक सेकंद भरून काढायला अर्धा तास लागावा. आपल्या स्फटिकाची खोड किती, हे तो एका फाइलीत टिपूनही ठेवतो.

तरी काही महिन्यांनी घड्याळ पुन्हा दीड मिनिट पुढे. विचारले तर उत्तर, "सेवा चालू आहे." चालू होतीच! पण कचेरीच्या फायरवॉलने १२३ क्रमांकाचे दार बंद ठेवले होते. राखणदार रोज हाका मारत होता आणि पलीकडून कोणी ओ देत नव्हते. सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्याला हा प्रकार अनोळखी नाही, असो. त्या पोराने मग मला एक तक्ता दाखवला, 'एनटीपीक्यू' ही आज्ञा दिल्यावर उमटतो तो. त्यात 'रीच' नावाचा रकाना असतो. शून्य म्हणजे कोणी उत्तर देत नाही. ३७७ म्हणजे शेवटच्या आठही हाकांना ओ मिळाली. आणि ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्या नावाआधी एक चांदणी.

हल्ली बऱ्याच ठिकाणी एनटीपीडीऐवजी 'क्रोनी' हा त्याचा धाकटा भाऊ असतो. पण थोरल्याची एक सवय मला फार पटते. फरक १००० सेकंदांहून जास्त, म्हणजे साधारण सतरा मिनिटांचा दिसला, तर तो आपल्या मनाने काटे फिरवत नाही. नोंदवहीत एक ओळ लिहितो, हाताने वेळ लावा म्हणून, आणि चक्क काम सोडून जातो. पावसाळ्याच्या तोंडाला विजांनी लाइट जाते, जुन्या संगणकातली बटणाएवढी बॅटरी मेलेली असते, आणि यंत्र उठते ते कुठल्यातरी भलत्याच सालात. तेव्हा हे घडते, आणि कोणी पाहिले नाही तर कळतही नाही. म्हणून तो पोरगा सोमवारी आला की चहाच्या आधी मी त्याला तो तक्ता उघडायला लावतो. गेल्या सोमवारी चांदणी जागेवर होती, रकान्यात ३७७.