वारा फिरला की मासा फिरला!

धाराशिवला समुद्र नाही, मान्य! पण लोहारा तालुक्यात माकणीला तेरणेवर धरण आहे; गळ टाकायला तेवढं बास. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, थंडीत बहुतेक ईशान्य-पूर्वेचा. वारा पाण्यावरचं खाद्य ज्या काठाला लोटतो, तिकडे छोटे मासे जातात आणि मागोमाग मोठे. म्हणून वारा तोंडावर घेऊन बसा. गळ फेकताना हात दुखेल, पण चान्स तिथेच जास्त! उन्हाळ्यात पहाटे जा. दुपारी वळवाचे ढग दाटले, वीज चमकली, की सरळ काठ सोडा. वाऱ्याने आपला फक्त वीकेंड बुडतो, जाळं टाकणाऱ्याची त्या दिवसाची कमाई बुडते. त्याच्या जाळ्यापासून लांब बसा आणि निघताना मासळी त्याच्याकडूनच घ्या.