उमेदवारी

आमच्या लहानपणीं कचेरींत अगर पेढीवर बिनपगारी काम शिकणाऱ्या मुलास घरचीं वडील माणसें 'उमेदवार' म्हणत. पुढें तो शब्द निवडणुकांनीं पळविला, आणि मूळ गोष्टीस 'इंटर्नशिप' हें नांव आलें. माझ्या थोरल्या बंधूंची नात भंडाऱ्यास राज्यशास्त्र घेऊन बी. ए. करीत आहे, त्यामुळें आमच्या चौदा माणसांच्या घरांत दोन महिने याच एका शब्दाचें पारायण चाललें होतें.

तिला दिल्लीस जावयाचें होतें. खासदाराच्या हाताखालीं संसदीय कामकाज शिकविणारी 'लॅम्प' फेलोशिप आहे खरी, पण ती पदवी झाल्यावर. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनांत राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठीं संसदीय अभ्यासवर्ग भरतो, तो मला फार पसंत पडला. पण हिचें काम उन्हाळ्यांतच व्हावयास हवें. एका संस्थेनें घरबसल्या प्रमाणपत्र देऊं केलें, मात्र पैसे आधीं! उमेदवारानेंच पेढीस पगार द्यावा, हा न्याय मला तरी नवीन होता.

अखेर तिच्या प्राध्यापकांनीं विषय दिला : भंडाऱ्याची १९५४ सालची लोकसभेची पोटनिवडणूक. जिल्हा तेव्हां मध्यप्रदेशांत होता आणि मतदारसंघ दोन जागांचा. एक सर्वसाधारण, एक राखीव. राखीव जागेसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांस आमच्या जिल्ह्यानें पाडलें. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. सर्वसाधारण जागेवर मात्र काँग्रेस हरली व प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता आले. प्रत्येक मतदारास दोन मतें होतीं. तीं लोकांनीं कशीं वांटलीं, हें नुसत्या आकड्यांवरून पुरतें उलगडत नाहीं. ज्यांनीं मतें दिलीं त्यांनाच विचारलें पाहिजे. मतदानाचें वय त्या वेळीं २१ होतें, म्हणजे आज ते सारे नव्वदीपलीकडचे. आणखी पांच वर्षांनीं विचारावें कोणास?

असें एक माणूस आमच्याच माजघरांत आहे. माझी आत्या. तेव्हां ती तुमसरास सासरीं होती.

मीं हरकत घेतली. घरच्या गोष्टी वहींत कशाला? खरें भय निराळें होतें. आमच्या घरानें बाबासाहेबांस मत दिलें नव्हतें, हें वडिलांच्या बोलण्यावरून मला ठाऊक होतें. तें या मुलीच्या अक्षरांत वाचण्याचा मला धीर नव्हता. आयुष्यभर पोरांकडून सत्याचीं सुभाषितें पाठ करवून घेणारा मी!

ती माझें न ऐकतां वही घेऊन बसली.

"पेट्या मांडलेल्या होत्या, बाई," आत्या म्हणाली. "ज्याची त्याची वेगळी, वर चित्र. मामंजींनीं चित्रें घरींच पाठ करून घेतलीं होतीं. पण आंत पडद्यामागें मामंजी थोडेच होते!"

"मग कोणत्या पेट्यांत टाकलींस मतें, आत्याआजी?"

"तें मीं ह्यांनाही कधीं सांगितलें नाहीं. तुला सांगूं?"

मुलीनें लिहिलें, 'उत्तर देण्यास नकार.' खालीं वय व गांव.

दुसऱ्या दिवशीं ती पवनीस निघाली. तेथें कोणी त्र्याण्णव वर्षांचे गृहस्थ आहेत म्हणे. चपला घालतां घालतां मला म्हणाली, "आबा, तुमचे वडील त्या निवडणुकीविषयीं काय म्हणत, तें संध्याकाळीं मला सांगा हं."

मीं हो म्हटलें आहे.