न येण्याची भाषा

पदवीच्या सक्तीच्या इंग्रजीत संभाषणकौशल्ये नावाचा एक भाग असतो. ओळख करून द्यावी कशी, आभार मानावेत कसे, आमंत्रण करावे कसे आणि आलेले आमंत्रण नाकारावे कसे, अशी त्याची प्रकरणे. भोरला शिकवत असताना यांतले शेवटचे प्रकरण मी बरीच वर्षे एका तासात उरकत असे, कारण त्यात शिकवण्यासारखे फारसे काही आहे असे वाटत नसे. फळ्यावर चार वाक्ये लिहायची: 'आय अ‍ॅम अफ्रेड आय वोन्ट बी एबल टू कम', 'आय वुड लव्ह टू, बट...', 'आय हॅव अ प्रायर एंगेजमेंट', 'सम अदर टाइम, परहॅप्स'. मुले ती उतरवून घेत. एकदा हिर्डोशी खोऱ्यातल्या एका मुलाने विचारले, "सर, यात अफ्रेड कशाला? भीती कोणाची?" वर्ग हसला. भीती कोणाचीच नाही, ती बोलण्याची रीत आहे, असे मी सांगितले आणि पुढे गेलो.

नंतर कधीतरी गंमत म्हणून उलटा स्वाध्याय दिला. मावशीच्या मुलीचे लग्न आहे आणि तुम्हाला जायचे नाही. मावशीला मराठीत काय सांगाल ते लिहा. साठेक वह्यांत एकही नकार नव्हता. कुणाच्या आजीला बरे नव्हते, कुणाकडे भाताची लावणी होती, कुणाला सुतक पडले होते. चारपाच जणांनी 'येतो की, का नाही येणार' असे लिहून पुढे कंस करून 'पण जाणार नाही' असे लिहिले होते. आणि बऱ्याच जणांनी एकच उत्तर निरनिराळ्या शब्दांत दिले होते: 'मी नाही आलो तरी आमच्या घरातलं एक माणूस येईल.'

हे शेवटचे उत्तर मला सर्वांत खरे वाटले. भोर आणि वेल्ह्याकडे (तालुक्याला आता सरकारदरबारी राजगड म्हणतात, माणसे वेल्हेच म्हणतात) आमंत्रण माणसाला नसतेच. ते घराला असते. साखरपुडा, दहावा, जागरण-गोंधळ, जत्रा, कशालाही घरटी एक माणूस गेले की हजेरी लागली. आहेर पोचला पाहिजे, तो कुणाच्या हाताने पोचला याची कुणी नोंद ठेवत नाही. अशा ठिकाणी 'मी येऊ शकत नाही' हे वाक्य चूक नसले तरी निरर्थक ठरते, कारण त्यातल्या 'मी'ला कुणी बोलावलेलेच नसते.

व्याकरणातही हे उमटलेले दिसते. इंग्रजीतले न येणे कर्त्याच्या अंगावर असते: आय कान्ट, आय वोन्ट. मराठीत आपण 'माझं येणं होणार नाही' म्हणतो, 'मला जमायचं नाही' म्हणतो. येणे होत नाही, जमणे जमत नाही. आपण बाजूला षष्ठीत नाहीतर चतुर्थीत उभे असतो, जणू पावसाने ओढा भरला आणि वाट बंद झाली. वेल्ह्याच्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकन 'रेन चेक' शिकवताना मजा आली होती. पावसाने बेसबॉलचा सामना बंद पडला की प्रेक्षकाला पुढच्या सामन्याला चालणारी चिठ्ठी मिळे, त्यावरून 'आज नाही, पुन्हा कधीतरी' असा अर्थ आला. पासली-केळदच्या बाजूच्या मुलांना हा वाक्प्रचार अगदी सरळ वाटला. एसटी आली नाही म्हणून आलो नाही, यात लाक्षणिक काय आहे, असा त्यांचा प्रश्न होता.

संस्कृत वैयाकरणांनी मात्र या विषयाचा फार बारकाईने विचार केलेला आहे. पाणिनीच्या विध्यर्थाच्या सूत्रात निमंत्रण आणि आमंत्रण हे दोन शब्द शेजारी शेजारी येतात आणि त्यांत फरक काय, हा टीकाकारांपुढचा प्रश्न. उत्तर असे की निमंत्रण टाळता येत नाही. श्राद्धाच्या जेवणाला मुलीच्या मुलाला बोलावणे हे त्याचे ठरलेले उदाहरण. आमंत्रण मात्र बोलावलेल्याच्या इच्छेवर सोडलेले असते, वाटले तर यावे. म्हणजे नाकारता येण्याजोगे बोलावणे आणि न येण्याजोगे बोलावणे यांना आपल्याकडे वेगळे शब्द होते. मराठीने दोन्ही घेतले आणि 'आमंत्रण-निमंत्रण' असा जोडशब्द करून भेद पुसून टाकला. लग्नपत्रिकेवरचे 'नजरचुकीने पत्रिका न मिळाल्यास हेच आमंत्रण समजावे' हे वाक्य पाहा. ज्याला बोलावलेले नाही त्यालाही त्यात सुटका नाही.

याच मुलखात एक बोलावणे नाकारले गेले, ते सर्वांना ठाऊक आहे. 1659 साली अफझलखान चालून आला तेव्हा आदिलशाही फर्माने मावळच्या देशमुखांना गेली. खानाच्या बाजूने रुजू व्हावे, असा त्यांचा रोख. उत्रवळीचे खंडोजी खोपडे गेले. कारीचे कान्होजी जेधे गेले नाहीत. ते फर्मान घेऊन पाच मुलांसह शिवाजी महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. शाळेत हा प्रसंग निष्ठेचा म्हणून शिकवतात आणि तो तसा आहेच. मला त्यातले दुसरे काही दिसते. जेधे करीन्यात कान्होजींचे जे म्हणणे आले आहे ते महाराजांपुढचे आहे. नकार ज्याला द्यायचा त्याला सोडून तो तिसऱ्याच ठिकाणी दिला गेला आणि शब्दापेक्षा पाण्याने दिला गेला. आमच्याकडचे नकार आजही बहुधा याच वाटेने जातात. मावशीला कुणी सांगत नाही; मावशीच्या जावेला सांगतात.

इंग्रजी याहून प्रामाणिक आहे, असा माझा मुळीच दावा नाही. 'प्रायर एंगेजमेंट' ही शंभरात नव्वद वेळा थाप असते. ऑस्कर वाइल्डने 1895च्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'मध्ये या थापेला माणसाचे नाव देऊन बनबरी उभा केला. मावशीच्या घरचे जेवण टाळायचे असले की अ‍ॅल्जर्ननचा हा कायमचा आजारी मित्र जास्त आजारी पडतो. आमच्या वह्यांतल्या आज्या आणि बनबरी एकाच कुळातले. फरक पडतो तो मेलव्हिलच्या 1853च्या कथेतल्या बार्टलबीपाशी. तो कारकून कसलेही कारण देत नाही, आवाज चढवत नाही, केवळ आपला कल सौम्यपणे सांगतो आणि सबंध कचेरी हतबल होते. कारण मागता येते ते खोडूनही काढता येते. नुसत्या इच्छेला काय खोडणार?

हे मी तृतीय वर्षाला शिकवले त्या वर्षीची गोष्ट. वेल्ह्याच्या आतल्या गावातली, भोरला खोली घेऊन राहणारी एक विद्यार्थिनी तासानंतर थांबली. रविवारी गावी ये, पाहुणे बघायला येणार आहेत, असा निरोप होता. पहिल्यांदा तिने चाचणी परीक्षा सांगितली होती, दुसऱ्यांदा प्रकल्प, तिसऱ्यांदा ताप. आता कारणे संपली होती. "बार्टलबीचं मराठीत कसं म्हणायचं, सर?" तिने विचारले.

मी 'आवडणार नाही', 'इच्छा नाही' असे काहीबाही सुचवले. ते पुस्तकी होते, हे आम्हा दोघांनाही कळत होते. मग तीच म्हणाली, "मला यायचं नाही."

वाक्य अगदी साधे. रचना 'मला जमायचं नाही'चीच. तीच चतुर्थी, तेच 'यचं'. पण एका शब्दाच्या फरकाने पाऊस, ओढा, एसटी सगळे नाहीसे होते आणि उरते ती इच्छा. मराठीत अशी सोय नाही, ही माझी तोवरची मांडणी तिथेच ढासळली, आणि मला त्याचा आनंदच झाला. हे वाक्य चार वर्षांचे मूलही बोलते. पुढे केव्हातरी ते तोंडातून जाते. मुलींच्या आधी जाते, मुलांच्या थोडे नंतर.

पुढच्या आठवड्यात मी विचारले नाही, तिनेच सांगितले. फोन आत्याने घेतला होता. आत्या स्वतः सोळाव्या वर्षी लग्न होऊन गेलेली. तिने ते वाक्य ऐकून घेतले, थोडा वेळ काही बोलली नाही, आणि म्हणाली, "असं म्हणू नये गं. परीक्षा आहे म्हण. मी दादाला सांगते."

परीक्षा संपून तेव्हा तीन आठवडे झाले होते. पाहुण्यांना परीक्षा आहे असेच कळवण्यात आले.