अकॅडमिक सिटीचा रस्ता

भारतातून पाहुणे आले की आपल्या सगळ्यांचाच कार्यक्रम ठरलेला असतो. बुर्ज खलिफा, क्रीकमधली अब्रा, गोल्ड सूक, एक दिवस अबुधाबीचं मंदिर आणि मशीद, आणि जायच्या आदल्या दिवशी ड्रॅगन मार्टमधून बॅगा भरणं. गेल्या फेब्रुवारीत माझे सासरे आले होते. हे सगळं त्यांनी शांतपणे बघून घेतलं आणि मग मला म्हणाले, "आता तो शाळेत कुठे जातो ते दाखव."

'तो' म्हणजे त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा. वय वर्षं 43. जेबेल अलीला एका शीतगृहाचा व्यवस्थापक आणि सप्टेंबर 2022 पासून डी.बी.ए.चा विद्यार्थी. डॉक्टर ऑफ बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. मंडळाच्या कोजागिरीला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एका काकांनी लगेच शर्टाची बाही वर करून "बीपी बघा जरा" म्हटलं होतं. दुसऱ्यांनी हळूच विचारलं, "गोल्डन व्हिसासाठी का?" त्यांचंही चूक नाही. 2020 च्या नोव्हेंबरात इथल्या सरकारने डॉक्टरेटवाल्यांना दहा वर्षांचा व्हिसा जाहीर केला, तेव्हापासून कुणी शिकायला लागलं की पहिला संशय तोच येतो.

तर एका शनिवारी आम्ही सासऱ्यांना घेऊन निघालो. शारजाच्या अल नहदातून शेख मोहम्मद बिन झायेद रोडला लागायचं, मिर्दिफ मागे टाकायचं, इंटरनॅशनल सिटीच्या एकसारख्या इमारती, मग सिलिकॉन ओॲसिस आणि तिथून अल ऐनच्या रस्त्याला वळायचं. शनिवारी सकाळी हा रस्ता इतका मोकळा असतो की आपण शारजात राहतो यावर विश्वास बसत नाही. गेली तीन वर्षं मी या रस्त्यावर डबे भरून दिलेत, लेकीचं गणित मागच्या सीटवर घेतलंय आणि दोन वेळा भांडून पूर्ण रस्ताभर अबोला धरलाय. 

वाळवंटाच्या कडेला एकदम इमारती उगवतात, ती अकॅडमिक सिटी. दुबईत परदेशी विद्यापीठं त्याआधीच आली होती. ऑस्ट्रेलियाचं वूलन्गाँग 1993 मध्ये, आपलं बिट्स पिलानी 2000 मध्ये. 2003 मध्ये इंटरनेट सिटीच्या शेजारी नॉलेज व्हिलेज उभं राहिलं, ज्याला आता नॉलेज पार्क म्हणतात. पुण्याच्या सिंबायोसिसने 2024 मध्ये तिथेच शाखा काढली. जागा अपुरी पडू लागली तशी इकडे वाळूत ही नगरी वसवली गेली. 2025 च्या सप्टेंबरमध्ये अहमदाबादच्या आय.आय.एम.नेही इथे वर्ग सुरू केले. मेट्रोची निळी लाइन 2029 मध्ये इथपर्यंत येणार आहे. आमचा विद्यार्थी तोवर पास झालेला असावा अशी माझी अपेक्षा आहे.

सासऱ्यांनी गाडीतून उतरून चारी बाजूंना पाहिलं. "कॉलेज आहे तर चहाची टपरी कुठाय?" नाशिकचं कॉलेज रोड डोक्यात असलेल्या माणसाने दुसरं काय विचारावं? कँटीनमध्ये करक चहा मिळाला, पण कागदी कपात, आणि पैसे कार्डाने. वर्गाच्या बाहेर नवऱ्याच्या बरोबरीची मंडळी उभी होती. रुग्णालयाचं प्रशासन बघणारी लेबनीज बाई, कराचीचा बँकवाला, केरळच्या एक सिस्टर ज्या आता नर्सिंगच्या प्रमुख आहेत, आणि सरकारी खात्यातली एक एमिराती अधिकारी, जिने सासऱ्यांना खजुराचा डबा पुढे केला. सगळी चाळिशीच्या अलीकडची-पलीकडची. सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळं.

परतताना सासऱ्यांनी गाडीत विचारलं, "मग हे झालं की नाशिकला प्राध्यापक होता येईल ना?"

नवरा गप्प. हा प्रश्न आमच्या घरात जपून ठेवलेला आहे. खरं तर सुरुवात त्याच स्वप्नाने झाली होती. पन्नाशीला परत जायचं, कॉलेजात शिकवायचं. पण परदेशी पदवीला भारतात समकक्षता मिळवावी लागते. वर्षानुवर्षं ते काम असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज करत आली, 2025 मध्ये यू.जी.सी.ने त्याचे नवे नियम आणले. आणि डी.बी.ए. म्हणजे आपोआप पीएच.डी. असं कुठेही नसतं. हे आम्हाला पहिल्या वर्षाची फी भरल्यावर नीट कळलं. ती फी म्हणजे गंगापूर रोडला बघून ठेवलेल्या प्लॉटचे पैसे. कुणी या वाटेला जाणार असेल तर एवढं माझं ऐका, आधी कागद विचारा, मग स्वप्न बघा. मला कागदांचा अनुभव आहे. माझी मराठीची एम.ए.ची पदवी मंत्रालय, परराष्ट्र खातं, युएईचा दूतावास असे शिक्के खात इथे आली आणि 2016 पासून कपाटात बसून आहे. 

"मग कशासाठी?" सासरे म्हणाले. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायला.

पीएच.डी. करणारा पुस्तकातल्या ज्ञानात कुठे भोक आहे ते शोधतो. डी.बी.ए. करणारा आपल्या कामात रोज पायात रुतणारा काटा घेऊन येतो. संशोधनाच्या पद्धती दोघांनाही शिकाव्या लागतात, प्रबंध दोघांनाही लिहावा लागतो आणि तोंडी परीक्षेत दोघांचीही सालं काढतात. फरक एवढाच की डी.बी.ए.वाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ऑफिसात हजर व्हायचं असतं. नवऱ्याचा काटा असा आहे: नाशिकचा द्राक्षांचा कंटेनर न्हावा शेवाहून निघतो, काही दिवसांत जेबेल अलीला लागतो. आतलं तापमान शून्याच्या आसपास ठेवलेलं, प्रत्येक पेटीत सल्फर डायऑक्साइडचा पॅड, तापमान नोंदवणारं यंत्र आत. यंत्र म्हणतं सगळं ठीक. दार उघडल्यावर मुकादम म्हणतो, माल बसलाय, दोन दिवसांच्या वर टिकणार नाही. आणि मुकादम बरोबर निघतो. ते त्याला कसं कळतं, आणि ते कंपनीच्या कॉम्प्युटरात का उतरत नाही? सांगता न येणाऱ्या ज्ञानावर मायकेल पोलान्यीने 1966 मध्ये पुस्तक लिहिलं, जपानच्या नोनाका आणि ताकेउची यांनी 1995 मध्ये कंपन्यांच्या संदर्भात. ही नावं आता आमची आठ वर्षांची लेकसुद्धा घेते.

सासरे पिंपळगाव बसवंतचे. आयुष्य द्राक्षबागेत गेलं, आता बाग मोठे दीर बघतात. 2010 मध्ये औषधाच्या अंशामुळे युरोपात नाशिकची द्राक्षं अडकली होती, ते वर्ष त्यांना तोंडपाठ आहे. "इथे बसलेला माणूस माल खराब म्हणाला की तिकडे आमचा भाव पडतो," ते म्हणाले, "आणि तो कशावरून म्हणाला ते आम्हाला कुणी सांगत नाही." मग बराच वेळ बाहेर बघत बसले.

आता माझा भाग. पहिल्या फेरीत नवऱ्याने आपल्याच शीतगृहातल्या अकरा जणांच्या मुलाखती घेतल्या. हिंदीत, दोन मराठीत. त्या ऐकून उतरवून काढायचं आणि इंग्रजी करायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी कानाला हेडफोन लावून बसायचे. चौथ्या मुलाखतीला मला कंटाळा आला आणि सातव्या मुलाखतीला कळलं की कंटाळा का आला. सगळे एकच बोलत होते. "सर, सिस्टीम अच्छी है. सिस्टीम के हिसाब से करते हैं." मी सात वर्षं नाशिकला माध्यमिक शाळेत शिकवलंय. तपासणीला साहेब आले की आख्खा वर्ग या आवाजात बोलतो. मागच्या बाकावरचा, ज्याला कधी धडा येत नाही, तोसुद्धा.

मी त्याला सांगितलं की ही माणसं तुला नाही, तुझ्या खुर्चीला उत्तरं देताहेत. तो भडकला. म्हणाला, तुला संशोधनातलं काय कळतं. अबोल्याच्या दोन वेळांपैकी ही पहिली. तीन आठवड्यांनी मार्गदर्शकांनी तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत आणि सभ्यपणे. आपल्या हाताखालच्या माणसांवर संशोधन करताना सत्तेचा प्रश्न येतो, ही मुलाखत धरता येणार नाही. अकराच्या अकरा मुलाखती बाजूला गेल्या. नैतिक परवानगीसाठी नवा अर्ज, नवा नमुना, आठ महिने आणि एका जादा सत्राची फी. त्या रात्री त्याने सगळं सोडून द्यायचा ई-मेल लिहिला होता. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो हे आपण सगळे जाणतो, आणि अर्धं लक्ष प्रबंधात असलेल्या व्यवस्थापकाला कंपनी किती दिवस सांभाळेल याची भीती त्याला होतीच. ई-मेल पाठवला नाही. का, ते मला अजून सांगितलेलं नाही.

त्या आठ महिन्यांत आम्ही शनिवारी दुपारी अल जद्दाफच्या मोहम्मद बिन रशीद लायब्ररीत जायचो. उघड्या पोथीच्या लाकडी बैठकीसारखी ती इमारत क्रीकच्या काठावर बसलेली आहे. 2022 मध्ये उघडली. लेक खालच्या मुलांच्या विभागात, तो वर टेबलावर डोकं खुपसून, आणि मी खिडकीशी. खरं सांगायचं तर पहिले काही आठवडे मी फक्त पाणी बघत बसायचे. कुणी विचारतं, "तू का नाही करत?" मी म्हणते, एका घरात एक पुरे. हे उत्तर पूर्ण खरं नाही.

नव्या मुलाखती अल अवीरच्या फळबाजारात झाल्या, दुसऱ्यांच्या गाळ्यांवर, जिथे तो कुणाचाच साहेब नाही. आणि तिथे माणसं बोलली. कुणी घरच्या आंब्याच्या झाडापासून सुरुवात केली, कुणी मालकाला शिव्या घातल्या. उतरवताना मी एकटीच हसायचे. प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात आता एक परिच्छेद आहे: अनुवाद कुणी केला, तिचं शिक्षण काय, तिने गोपनीयतेच्या फॉर्मवर सही केली आहे. एम.ए., माजी शिक्षिका. नातंही लिहावं लागलं, कारण लपवणं नियमात बसत नाही. प्रबंध येत्या जानेवारीत जायचा आहे. तोंडी परीक्षा त्यानंतर. म्हणून यंदा फराळात चकली आणि चिवडा एवढंच, करंज्यांना हात लावलेला नाही.

सासऱ्यांच्या परतीच्या दिवशी पहाटे पाचला आम्ही त्यांना अल अवीरला नेलं. ट्रक लागलेले, हातगाड्यांचा खडखडाट, कांद्याचा वास. एका गाळ्यावर नाशिकच्या पेट्या दिसल्या तसे ते थेट आत गेले. एक घड देठाला धरून उचलला, देठ हिरवा आहे का पाहिला, हलकेच झटकला. तीन मणी तळहातावर पडले. "काढून बरेच दिवस झालेत. मधे कुठेतरी उन्हात थांबलाय," ते म्हणाले. गाळ्यावरचा मुकादम, उत्तर प्रदेशचा, हसायला लागला. "चाचा को यहीं रख लो, साहब."

नवऱ्याने खिशातून वही काढली होती.

"लिहितोयस?" सासरे म्हणाले. "मग तो सहीचा फॉर्म दे की मला."

"घरच्या माणसांना घेता येत नाही, दादा."

"असं होय," म्हणून त्यांनी ते तीन मणी तोंडात टाकले आणि पुढची पेटी उघडायला सांगितली.