मीनघारीचा संसार

लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी २०१९ च्या मार्चमध्ये आम्ही दोघं इंग्लंडला गेलो. लेक लेस्टर शहरात एका दवाखान्यात नर्स आहे. आपल्याकडे बाळंतपणाला लेक माहेरी येते. इथं उलटं झालं. माहेरच विमानात बसून लेकीकडे गेलं. बरोबर डिंक, खारीक, हळीव आणि जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी.

नातू झाला. सव्वा महिना सरला. मे महिन्यात एके रविवारी चांगलं ऊन पडलं तेव्हा जावई म्हणाले, "आई, चला, तुम्हाला आणखी एक बाळंतपण दाखवतो." भाकरी, पिठलं, ठेचा असा डबा बांधला, बाळाला गोधडीत गुंडाळलं आणि मोटारीनं निघालो. तासाभरात रटलंडचं तळं आलं.

तळं म्हणजे खरं तर धरणाचं पाणी. १९७० च्या दशकात एम्पिंगहॅम गावाजवळ बांध घातला आणि दोन दऱ्यांमध्ये पाणी भरलं. त्या पाण्याखाली नेदर हॅम्बल्टन नावाचं खेडं गेलं, शेजारच्या मिडल हॅम्बल्टनचाही बराच भाग गेला. नॉर्मंटनचं जुनं चर्च मात्र लोकांनी हट्टानं वाचवलं. त्याचा खालचा भाग दगडमातीनं भरून घेतला, भोवती भराव टाकला. आता ते अर्धंच वर दिसतं, जणू कुणी कमरेइतक्या पाण्यात उभं आहे.

ते पाहून मी गप्प झाले. माझं माहेर भीमेकाठचं. उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं, त्या पाण्यात आमचं गाव गेलं. माझं लग्न झालं तेव्हा गाव होतं. पहिल्या बाळंतपणाला जायची वेळ आली तेव्हा नव्हतं. आमच्या वस्तीतल्या लोकांच्या नावावर जमीन नव्हती, त्यामुळे मोबदल्याचा प्रश्नच आला नाही. आईबापांनी भांडी आणि शेळ्या घेतल्या आणि चुलत्याच्या आसऱ्याला गेले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. आमची वस्ती मातीची होती. ती वर येत नाही.

मँटन नावाच्या गावाजवळ तळ्याचा एक फाटा आत शिरला आहे. तिथं उथळ पाण्यात खांब रोवून त्यावर माणसांनी फळ्यांचा माच बांधला आहे. माचावर काटक्याकुटक्यांचं मोठं घरटं. काठावर लाकडी खोपी आहे, तिच्या झरोक्यांतून दुर्बिणीनं पाहायचं. घरट्यावर कॅमेराही बसवला आहे, त्याचं चित्र जवळच्या केंद्रातल्या पडद्यावर दिसतं.

पक्ष्याचं इंग्रजी नाव ऑस्प्रे. आपण त्याला मीनघार म्हणतो. वरून तपकिरी, पोट पांढरंशुभ्र, डोळ्यावरून काळा पट्टा. पंख पसरले की पाच फूट भरतात. खाणं फक्त मासे. उंचावरून मासा हेरायचा आणि पाय पुढे करून पाण्यात झेप घ्यायची. निसटता मासा धरण्यासाठी त्याच्या पावलाच्या तळव्यावर बारीक काटे असतात, आणि चार बोटांतलं एक बोट मागे वळवता येतं. म्हणजे दोन बोटं पुढे आणि दोन मागे अशी पकड. मासा नेतानाही त्याचं तोंड पुढे करून नेतो, म्हणजे वारा अडत नाही. ह्यांना ते फार आवडलं. म्हणाले, "हमालसुद्धा ओझं असंच बेतून घेतो."

घरट्यातल्या मादीचं नाव होतं माया. ते नाव तिथल्या लोकांनी कुठून घेतलं कोण जाणे, पण मराठी माणसाला ते लगेच कळतं. नराला नाव नव्हतं, नंबर होता. २०११ मध्ये याच तळ्यावर जन्मला तेव्हा त्याच्या पायात निळं कडं घातलं, त्यावर आकडा तेहतीस. २०१५ पासून या दोघांचा संसार चालला होता. त्या वर्षी चार अंडी आणि चारही पिल्लं. तीन हा नेहमीचा आकडा, चार क्वचितच.

अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतरानं घातली जातात, म्हणून पिल्लंही मागेपुढे बाहेर येतात. सर्वांत धाकटं अगदीच लहान. सव्वा महिना मादीनं जास्त वेळ अंड्यांवर बसायचं. पिल्लं निघाली की नरानं सगळ्यांसाठी मासे आणायचे. आम्ही पाहत होतो तेव्हा तेहतीस मासा घेऊन आला. डोक्याकडचा भाग त्यानं आधीच खाल्ला होता, उरलेला मायाच्या पुढ्यात टाकला आणि पुन्हा पाण्याकडे निघाला. माया मग बारीक बारीक तुकडे तोडून एकेकाच्या चोचीत देऊ लागली. थोरली तीन पुढे घुसत होती. धाकटं मागे. मला वाटलं, हे उपाशी राहणार. पण थोरल्यांची पोटं भरली, ती आडवी झाली, आणि मग माया त्या धाकट्याकडे वळली. शेवटचे पाच-सहा घास त्याचे. सगळ्यांचं झाल्यावर तिनं शेपटीकडचा भाग स्वतः खाल्ला. तवा उतरवल्यावर कोरभर भाकरी घेऊन बसणाऱ्या बाया आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

खोपीत एक पांढऱ्या केसांच्या बाई बसल्या होत्या. पगार नाही, हौसेनं पाळी करतात. लेक बोलत होती, मला सांगत होती. हा पक्षी एकोणिसाव्या शतकातच इंग्लंडातून संपला. कुणी गोळ्या घातल्या, कुणी शौकापायी अंडी चोरली. स्कॉटलंडातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घरटी दिसेनाशी झाली. मग १९५४ मध्ये लॉक गार्टन नावाच्या तळ्याकाठी एक जोडी परत आली. पक्षिमित्रांनी पहारा बसवला. तरी १९५८ मध्ये एका रात्री पहारा चुकवून चोर झाडावर चढला, अंडी घेऊन गेला आणि त्यांच्या जागी कोंबडीची अंडी रंगवून ठेवून गेला. पुढच्या वर्षी पहारा आणखी कडक केला आणि तीन पिल्लं उडाली. त्याच वर्षी लोकांना घरटं पाहायला मोकळीक दिली. चौदा हजार माणसं आली. पाहणारे वाढले, तसे राखणारेही वाढले.

हे ऐकताना ह्यांचे डोळे चमकत होते. ह्यांची सारी नोकरी रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची. म्हणाले, "पहाटे तीन ते चार. चोर तेव्हाच येतो. तेव्हा जागा राहिला तोच पहारेकरी." लेकीनं बाईंना ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी उठून ह्यांच्याशी हात मिळवला.

रटलंडला हा पक्षी आपोआप आला नाही. १९९६ पासून सहा वर्षं दर उन्हाळ्यात स्कॉटलंडातली पिल्लं, सुमारे सहा आठवड्यांची, पंख फुटण्याआधी इथं आणली. वाढवली आणि सोडली. कारण असं, की हा पक्षी जिथून पहिल्यांदा उडतो त्या जागेला आपलं घर समजतो. अंडं कुठं फुटलं ते तो पाहत नाही. आफ्रिकेतून परततो तो त्या पहिल्या उड्डाणाच्या जागी. २००१ मध्ये इथं पहिलं पिल्लू वाढलं.

मी विचारलं, "सगळीच परत येतात का?" बाई म्हणाल्या, वाटेत आणि तिकडे पोहोचल्यावरही बरीच मरतात. जगतात ती दोन-तीन वर्षांनी येतात. त्यातही नर बहुधा जन्मभूमीच्या जवळपास घरटं करतो. मादी दूर कुठंतरी जाते, तिथंच संसार थाटते.

लेकीनं हे मराठीत सांगितलं आणि ती थांबली. मीही काही बोलले नाही. जावयांनी डबा उघडला.

जुलैमध्ये पुन्हा गेलो. पिल्लं आईएवढी दिसत होती, फक्त पिसांवर पांढरट ठिपके. चौघांनाही उडता येत होतं. पण मासा आला की चौघं घरट्यावर हजर. पंख आले तरी हात पसरणं सुटलं नव्हतं, असं हे म्हणाले.

ऑगस्टच्या शेवटी आमची परतीची तारीख होती. मीनघारींचीही तीच वेळ. आधी आई निघते. पिल्लं अजून घरट्यावर असतात, बाप त्यांना मासे देत राहतो, आणि आई एका दिवशी दक्षिणेकडे उडून जाते. मग पिल्लं एकेकटी निघतात. पाच हजार किलोमीटर, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत. वाट दाखवायला कुणी नाही. बाप सर्वांत शेवटी. हे ऐकलं तेव्हा मला आईचा राग आला होता. विमानतळावर लेकीच्या खांद्यावरच्या नातवाकडे पाठ फिरवताना तो राग गेला. तिचं काम झालं होतं. ती निर्दय नव्हती.

जानेवारीत आम्ही भिगवणला गेलो. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात ते पाहायला लोक जातात. मला दुसरंच पाहायचं होतं. नावाड्यानं होडी थांबवून बोट दाखवलं. पाण्यातून वर आलेल्या वाळक्या झाडावर मीनघार बसली होती, पंजाखाली मासा. ही रटलंडची नव्हे. तिकडच्या आफ्रिकेला जातात, आपल्याकडच्या उत्तरेकडून येतात. पण तोंडावळा तोच. मी नावाड्याला विचारलं, आमचं गाव कुठल्या बाजूला असेल? त्यानं घारीच्या पलीकडे हात केला. इतक्या वर्षांत त्या पाण्याकडे मी पहिल्यांदाच रागावल्याशिवाय पाहिलं.

मार्च २०२० मध्ये कोरोनानं विमानं थांबली. लेकीची बाळंतपणाची रजा संपली आणि ती दवाखान्यात रुजू झाली, रात्रपाळीला. इथं हे रात्रभर जागे. मी म्हणे, "झोपा आता." हे म्हणत, "तिची पाळी संपू दे." पहाटे फोन येई तेव्हा अंथरुणाला पाठ टेकत.

एके दिवशी तिचा फोन आला. आवाज थकलेला. म्हणाली, "आई, माया आली गं. तेहतीस पण आलाय. मोबाइलवर दिसतंय बघ."

ह्यांनी चष्मा लावला. पडद्यावर रिकामं घरटं, कडेला दोन पक्षी, काटक्या रचताहेत. आम्ही दोघं बराच वेळ पाहत राहिलो.